दोघेही आमदारच, पण निवडून देणारे वेगळे

सांगली-साताऱ्याकडची लग्नपत्रिका उघडली की 'प्रमुख उपस्थिती'त दोन-तीन आमदार हमखास सापडतात. त्यातला विधानसभेचा कोण आणि विधान परिषदेचा कोण, हे विचारलं की भलेभले अडखळतात.

विधानसभेचा आमदार आपण थेट निवडतो. राज्यात असे २८८. त्यात साताऱ्याचे ८ आणि सांगलीचेही ८. वयाची अट २५, मुदत पाच वर्षं. परिषदेत ७८ जण, वयाची अट ३०, मुदत सहा वर्षं. विधानसभा बरखास्त होऊ शकते, परिषद कधीच नाही.

घोळ होतो तो परिषदेवर जाण्याच्या वेगवेगळ्या वाटांमुळे. ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात, १२ राज्यपाल नेमतात. २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या; त्यातली एक सातारा-सांगली मिळून. तिचे मतदार म्हणजे नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समितीचे सभापती. सरपंचाला इथे मत नाही. २०२२ मध्ये या जागेची मुदत संपली तेव्हा बहुतेक संस्थांवर प्रशासक बसलेले, मग मत देणार कोण? जागा रिकामीच राहिली. दोन जिल्ह्यांचा आवाज असा बंद पडला, याचं वाईट वाटतं. उरलेल्या जागांत ७ शिक्षकांच्या आणि ७ पदवीधरांच्या.

अधिकारांत मोठा फरक आहे. सरकार पडतं ते विधानसभेतल्या अविश्वासाने. अर्थविषयक विधेयक परिषद फार तर १४ दिवस थांबवू शकते. राष्ट्रपतींच्या आणि राज्यसभेच्या निवडणुकीतही परिषदेच्या आमदाराला मत नसतं. मंत्री मात्र दोघेही होऊ शकतात, अगदी मुख्यमंत्रीसुद्धा. पृथ्वीराज चव्हाण २०१० मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा राज्यसभेत होते; ते आधी परिषदेवर गेले आणि २०१४ ला कराड दक्षिणमधून जनतेने त्यांना निवडून दिलं. रामराजे नाईक-निंबाळकरांचं उलट झालं. फलटण मतदारसंघ राखीव झाल्यावर ते परिषदेत गेले आणि पुढे तिथले सभापती झाले. आर. आर. पाटील मात्र जिल्हा परिषदेतून १९९० ला विधानसभेत गेले आणि २०१५ मध्ये निधन होईपर्यंत तासगावचेच आमदार राहिले.

आता पदवीधरांनी नीट वाचावं. पुणे पदवीधर मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे येतात. २०२० मध्ये इथून कुंडलचे अरुण लाड निवडून आले. पदवी घेऊन तीन वर्षं झालेली असली तरी नाव आपोआप यादीत येत नाही. प्रत्येक निवडणुकीआधी यादी नव्याने होते, जुनी नोंद चालत नाही. नाव नोंदवण्याचा अर्ज, म्हणजे नमुना १८, पुन्हा भरावा लागतो. मतदानाला यंत्र नसतं. केंद्रावर देतात त्याच जांभळ्या पेनाने नावापुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा. नुसती टिक केली किंवा १ हा आकडा लिहिलाच नाही, तर मत बाद.