कौटुंबिक व वैद्यकीय रजा कायदा, अमेरिका

बाळंतपण, दत्तक मूल, स्वतःचे गंभीर आजारपण किंवा घरच्या माणसाची शुश्रूषा यांसाठी अमेरिकेतील नोकरदाराला १२ महिन्यांत १२ आठवड्यांपर्यंत रजा देणारा केंद्रीय कायदा. तिथे तो ‘एफएमएलए’ या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. ही रजा बिनपगारी असते; हमी मिळते ती नोकरीची. परतल्यावर तीच किंवा तिच्या तोडीची जागा द्यावी लागते आणि रजेच्या काळात कंपनीचा आरोग्य विमा पूर्वीच्याच अटींवर चालू ठेवावा लागतो. दवाखान्याचा खर्च विम्याशिवाय परवडतच नाही अशा देशात हे विम्याचे कलम फार मोलाचे आहे.

थोरले जॉर्ज बुश यांनी हे विधेयक १९९० आणि १९९२ असे दोनदा नकाराधिकार वापरून परतवले. रजा द्यावी, पण सरकारने सक्ती करू नये, अशी त्यांची भूमिका होती. बिल क्लिंटन यांनी सत्तेवर आल्यावर सही केलेला पहिला कायदा हाच, ५ फेब्रुवारी १९९३ रोजी. त्याच वर्षी ५ ऑगस्टपासून तो लागू झाला.

रजा सर्वांना मिळत नाही. त्या मालकाकडे १२ महिने नोकरी झालेली हवी, मागच्या १२ महिन्यांत १,२५० तास काम भरलेले हवे आणि कामाच्या ठिकाणापासून ७५ मैलांच्या आत त्या मालकाची किमान ५० माणसे कामाला हवीत. छोट्या दुकानांतले, उपाहारगृहांतले आणि सतत नोकरी बदलणारे लोक इथेच गळतात. अमेरिकी कामगार खात्याच्या २०१८ च्या पाहणीत सुमारे ५६ टक्केच कर्मचारी पात्र ठरले होते. जे पात्र ठरतात त्यांनाही बिनपगारी राहणे परवडतेच असे नाही. शिवाय साठवलेली भरपगारी रजा याच १२ आठवड्यांत वापरून टाकायला मालक भाग पाडू शकतो. किमोथेरपी किंवा डायलिसिससारख्या उपचारांसाठी मात्र रजा तुकड्यातुकड्याने, अगदी तासांच्या हिशेबानेही घेता येते. ही सोय कायद्यातली सर्वांत व्यवहारी म्हणावी लागेल.

या कायद्याचा खरा कस लागतो तो कुटुंबात कोणाला धरायचे या प्रश्नावर. नवरा किंवा बायको, आईवडील आणि अठरा वर्षांखालील मूल एवढेच त्यात बसतात. मोठे मूल अपंगत्वामुळे परावलंबी असेल तरच. भाऊ-बहीण नाहीत. आजी-आजोबाही नाहीत, त्यांनी आईवडिलांच्या जागी राहून सांभाळ केला असेल तर गोष्ट वेगळी. सासू-सासरे तर स्पष्टपणे वगळलेले आहेत. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरात सासूबाईंचे ऑपरेशन निघाले, तर रजा मुलाला मिळते, सुनेला नाही. दोघे नवरा-बायको एकाच कंपनीत असतील, तर बाळासाठीची रजा दोघांत मिळून १२ आठवडेच.

सैनिकांच्या बाबतीत मात्र हीच चौकट बरीच सैल झाली. इराक आणि अफगाणिस्तानातून जखमी होऊन परतणाऱ्यांच्या देखभालीवर माजी सिनेटर बॉब डोल व माजी आरोग्यमंत्री डॉना शलेला यांच्या आयोगाने २००७ मध्ये शिफारशी केल्या. घरच्यांना सहा महिन्यांपर्यंत रजा मिळावी ही त्यांपैकी एक. २८ जानेवारी २००८ रोजी संरक्षण खर्चाच्या कायद्यातून ती दुरुस्ती झाली. तिच्यावर सही होती धाकट्या बुश यांची. कर्तव्यावर असताना गंभीर जखमी वा आजारी झालेल्या सैनिकाच्या शुश्रूषेसाठी १२ महिन्यांच्या एका मुदतीत २६ आठवडे मिळतात. इतर कारणांची रजाही त्यातच धरली जाते. ती घेणारे जोडीदार, आईवडील, कोणत्याही वयाचे मूल किंवा सर्वांत जवळचे रक्ताचे नातलग असू शकतात. सैनिकाने आपला माणूस लेखी नेमला नसेल, तर भावंडे, आजी-आजोबा, काका-मामा, आत्या-मावशी आणि सख्खे चुलत-मामे भाऊ अशा क्रमाने हक्क पोहोचतो. सामान्य आजाऱ्याच्या वाट्याला हे गोत येत नाही.

दुसरी तरतूद आहे तैनातीमुळे घरी उडणाऱ्या धांदलीची. हुकूम सात दिवस किंवा त्याहून कमी मुदतीत आला, मुलांच्या शाळेची सोय लावायची आहे, मुखत्यारपत्र करायचे आहे, सैनिक सुट्टीवर घरी आला आहे, अशा कारणांसाठी नेहमीच्या १२ आठवड्यांतूनच रजा घेता येते. सुट्टीवर आलेल्या सैनिकासोबत राहायला २०१३ च्या नियमांनुसार १५ दिवसांपर्यंत मुभा आहे. आधी तैनातीच्या कारणांसाठीची ही सवलत नॅशनल गार्ड (राज्यांच्या अखत्यारीतील राखीव सेना) व इतर राखीव दलांपुरतीच होती. २००९ च्या दुरुस्तीने परदेशी तैनात होणाऱ्या नियमित सैन्यालाही ती मिळाली, तसेच शुश्रूषेच्या रजेत माजी सैनिकही आले. मात्र त्यांना सैन्य सोडून पाच वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा.

पगाराचा प्रश्न केंद्राने मोठ्या अंशी राज्यांवर सोडला. कॅलिफोर्नियाने २००४ पासून आणि न्यू जर्सीने २००९ पासून विमा निधीतून भरपाई सुरू केली. केंद्र सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना ऑक्टोबर २०२० पासून मूल झाल्यावर वा दत्तक घेतल्यावर १२ आठवडे पगारी रजा मिळते. मराठी वस्ती मोठी असलेल्या या दोन्ही राज्यांनी भरपाईच्या नियमांत सासू-सासऱ्यांनाही घेतले: कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये, न्यू जर्सीने २०१९ मध्ये.