कायरल सममितिभंग : स्फटिकीभवन आणि बाह्य घटक

द्रावणात डावे-उजवे असा भेदच नसलेल्या पदार्थाचे स्फटिक पडताना एकाच हाताच्या स्फटिकांनी बाजी मारणे, याला कायरल सममितिभंग म्हणतात. कायरल म्हणजे डाव्या-उजव्या तळहातांसारखी, स्वतःच्या आरशातल्या प्रतिमेशी न जुळणारी रचना. नेहमीचे उदाहरण सोडियम क्लोरेटचे. पाण्यात त्याचे आयन सुटे असतात आणि त्यांना हात नसतो. स्फटिकात मात्र तेच आयन डाव्या किंवा उजव्या वळणाने रचले जातात. सोलापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांत निघणाऱ्या साखरेचे तसे नाही. सुक्रोजचा रेणूच एका हाताचा, त्यामुळे तिच्या दाण्याला निवड उरत नाही. क्लोरेटला ती असते, म्हणून बाहेरचा परिणाम त्याच्यात उघड दिसतो.

किपिंग आणि पोप या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १८९८ साली न ढवळलेल्या द्रावणातून पडलेले ३,१३७ स्फटिक तपासले. उजवे जवळपास बरोबर निम्मे निघाले. कोंडेपुडी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तेच द्रावण ढवळत ठेवले, तेव्हा प्रत्येक भांड्यात जवळजवळ सगळे स्फटिक एकाच हाताचे आले; एका भांड्यात डावे, तर दुसऱ्यात उजवे. म्हणजे ढवळण्याने निकाल एकतर्फी होतो, पण कौल कुणाला हे नाणेफेकीवरच राहते. बाह्य घटकांविषयी बोलताना या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

ढवळण्याचे काम असे चालते. पहिला स्फटिक ढवळणीवर आपटतो आणि त्याचे सूक्ष्म तुकडे सुटतात. प्रत्येक तुकडा त्याच हाताचे नवे बीज. साखर कारखान्यात पॅनवाले (पाक उकळून दाणे पाडणारे कामगार) ज्याला ‘फॉल्स ग्रेन’, म्हणजे नको असलेले जादा दाणे, म्हणून टाळतात, त्यातला एक प्रकार हाच. या असंख्य बीजांमुळे द्रावणाची अतिसंपृक्तता (त्या तापमानाला मावते त्याहून जास्त पदार्थ विरघळलेला असणे) झपाट्याने उतरते आणि विरुद्ध हाताचा स्फटिक आपोआप जन्मण्याची शक्यता संपते. द्रावण फारच अतिसंपृक्त असेल, तर मात्र पहिल्याच झटक्यात अनेक बीजे एकदम उगवतात आणि मिश्रण मिळते.

प्रयोगासाठी १०० ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात ११० ग्रॅम सोडियम क्लोरेट ५० ते ६० अंश सेल्सिअसला पूर्ण विरघळवतात आणि द्रावण गरम असतानाच गाळतात. अर्धे उथळ काचपात्रात झाकून ठेवतात, अर्धे चुंबकीय ढवळणीवर, आणि दोन्ही २५ अंशांपर्यंत निववतात. त्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे १०० ग्रॅम क्लोरेट मावते, ४० अंशांना सुमारे ११५. सोलापुरात मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असेल, तर या द्रावणातून निवण्याने एक कणही पडणार नाही. मग लोक पंख्याखाली ठेवतात आणि नवी अडचण ओढवून घेतात: पाणी उडून काठावर पापुद्रा धरतो, तो गळून आत पडतो आणि एकाच वेळी दोन्ही हातांची बीजे घालतो. त्यापेक्षा थंड पाण्याचे टब वापरावे.

हात ओळखायला दोन पोलरॉइड पट्ट्या पुरतात; अशी पट्टी एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देते. त्या आडव्या-उभ्या धरून अंधार करायचा आणि मध्ये स्फटिक ठेवायचा. क्लोरेटचा स्फटिक घनाकृती वर्गातला असल्याने तो कोणत्याही बाजूने ठेवला तरी चालतो. पिवळ्या प्रकाशाचे प्रतल तो दर मिलिमीटरला सुमारे ३ अंश वळवतो. २ मिलिमीटरच्या स्फटिकासाठी डोळ्याजवळची पट्टी घड्याळाच्या दिशेने ६ अंश फिरवली, की उजवा काळवंडतो आणि डावा उजळतो.

दळण्याचा परिणाम याहून विलक्षण. दोन्ही हातांचे स्फटिक संपृक्त द्रावणात काचेच्या मण्यांसह ढवळत ठेवले, तर कालांतराने सगळा साठा एका हाताचा होतो, हे संशोधक व्हिएद्मा यांनी २००५ मध्ये दाखवले. बारीक कण विरघळतात, मोठे वाढतात आणि विरघळलेला माल कुठल्याही हाताकडे जाऊ शकतो. सुरुवातीला ज्याची थोडीशी आघाडी, तोच सहसा जिंकतो.

दिशा ठरवतात त्या दुसऱ्याच गोष्टी. द्राक्षशर्करा (ग्लुकोज) किंवा मॅनिटॉल यांसारखे, सुक्रोजप्रमाणेच एका हाताचे रेणू असलेले पदार्थ मिसळल्यावर समतोल ढळतो, हे किपिंग-पोप यांनीच पाहिले होते. सगळ्यांत जोरकस प्रभाव बीजाचा. आधीच्या खेपेचा डोळ्याला न दिसणारा कण चंचुपात्राच्या ओरखड्यात राहिला, तरी पुढची खेप त्याच हाताची येते. सलग पाच वेळा ‘उजवे’ आले की आधी भांडे कढत पाण्याने खळबळून धुवावे, सिद्धांत नंतर मांडावा.

तापमानाचा आणखी एक परिणाम पाश्चर यांच्या १८४८ च्या प्रयोगात लपलेला आहे. त्यांच्या सोडियम अमोनियम टार्ट्रेट या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक साधारण २७ अंशांखालीच वेगवेगळे पडतात. त्याहून जास्त तापमानाला दोन्ही हात एकाच स्फटिकात बसतात आणि चिमट्याने निवडण्याजोगे काही उरत नाही. सोलापुरात हा प्रयोग डिसेंबरच्या पहाटे जमेल, एप्रिलच्या दुपारी नाही.

क्लोरेट कोरडे कुटू नये, साखर किंवा गंधकाजवळ ठेवू नये आणि पोटात जाऊ देऊ नये. सांडलेले द्रावण सुती फडक्याने वा टॉवेलने पुसून ते तसेच वाळवू नये. वाळलेले फडके नुसत्या घर्षणानेही भडकते. ते लगेच भरपूर पाण्यात पिळून धुवावे.