थेंबांचं श्रेय एकट्या पोलॉकचं नाही

रंग ओतून, ठिबकवून चित्र काढायची कल्पना अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकला 1947 च्या सुमारास एकाएकी सुचली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं नाही. मेक्सिकोच्या दाविद आल्फारो सिकेरोस या चित्रकाराने 1936 मध्येच न्यूयॉर्कला चित्रकलेची प्रयोगशाळा थाटली होती आणि तरुण पोलॉक तिथे शिकत होता. मोटारींना लावायचा ड्यूको लॅकर, स्प्रेगन, स्टेन्सिल. सगळा गॅरेजातला माल! आडव्या फळीवर एका रंगावर दुसरा ओतायचा. जड रंग खाली बसतो, हलका वर येतो, आणि आपोआप भोवरे, जाळ्या उमटतात. ‘सामूहिक आत्महत्या’ या सिकेरोसच्या चित्रात हे नीट दिसतं. सिकेरोसने मात्र त्या भोवऱ्यांतही माणसं आणि घोडेस्वार रंगवलेच. नुसत्या थेंबांवर अख्खा कॅनव्हास पेलला तो पोलॉकने, एवढं खरं.