टीबीच्या रुग्णाचा एकच पाय सुजतो तेव्हा

सोलापुरात यंत्रमागावर पाळीभर उभं राहणाऱ्याचे किंवा दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाईचे पाय सुजले, तर कुणाला नवल वाटत नाही. पण त्याच माणसाला टीबीची औषधं नुकतीच सुरू झाली असतील, सोबत एचआयव्हीही असेल आणि एकच पोटरी फुगून ठणकत असेल, तर कामाला बोल लावून चालत नाही. खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असू शकते. डॉक्टर साधी टेप घेतात, गुडघ्याखाली नडगीवर जो उंचवटा हाताला लागतो त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजतात. ३ सेंटिमीटरहून जास्त फरक निघाला की संशय बळावतो आणि शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी सांगितली जाते. तोवर पाय तेल लावून चोळत बसू नये. गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेततं.

टीबी छातीचा, मग पायाच्या शिरेत काय बिघडतं? टीबीच्या जंतूंशी झुंजताना पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-६ सारखी रसायनं सोडतात. त्यामुळे यकृत फायब्रिनोजेन जास्त बनवू लागतं, आणि गुठळीचे धागे विणले जातात ते याच प्रथिनापासून. गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशी वाढतात. उलट गोठण्याला आवर घालणारी अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन-सी कमी पडतात. त्यात अशक्तपणामुळे माणूस अंथरुणाला खिळलेला. धोका सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त असतो; औषध लागू पडलं की महिनाभरात रक्ताची स्थिती सुधारू लागते.

एचआयव्हीची तऱ्हा थोडी वेगळी. हा विषाणू आतड्याच्या अस्तरातल्या संरक्षक पेशी मारतो. मग आतड्यातल्या जंतूंचे अंश रक्तात झिरपतात, दाह धुमसत राहतो आणि गोठण्याची साखळी सुरू करणारा टिश्यू फॅक्टर पांढऱ्या पेशींवर दिसू लागतो. गोठण्याला आवर घालणारं प्रोटीन-एसही घटतं. गंमत म्हणजे याच आजारात प्लेटलेट कमी होऊन रक्तस्रावही होऊ शकतो! २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एचआयव्ही रुग्णांवरच्या 'स्मार्ट' चाचणीत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, मध्येच थांबवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. गुठळ्या होण्या-विरघळण्याची खूण असलेलं डी-डायमर त्यांच्या रक्तात वाढलेलं आढळलं. 'बरं वाटतंय, गोळ्या थांबवू' हा विचार म्हणूनच महागात पडतो.

खरी कसरत पुढे असते. गुठळीवर रक्त पातळ करणारी औषधं लागतात, आणि टीबीच्या गोळ्यांमध्ये असतं रिफॅम्पिसिन, लघवी केशरी करणारं तेच औषध. ते यकृतातल्या एन्झाइमना इतकं कामाला लावतं, की रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी भराभर निकामी होते. डोस वाढवत नेला तरी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा, वर चढत नाही. रिव्हारोक्सॅबॅन, एपिक्सॅबॅन या नव्या गोळ्यांचंही रिफॅम्पिसिनपुढे फारसं चालत नाही, त्यामुळे बऱ्याचदा हेपॅरिनची इंजेक्शनं बरी ठरतात. एचआयव्हीवरचं डोल्युटेग्राव्हिर तर रिफॅम्पिसिनसोबत एकाऐवजी दोन वेळा द्यावं लागतं.

आयएनआरसाठी रक्त निळ्या झाकणाच्या नळीत, अगदी खुणेपर्यंत घ्यावं लागतं. आत रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं, रक्ताशी त्याचं प्रमाण चुकलं तर आकडाही चुकतो. ही तपासणी टीबीचा कोर्स संपला म्हणून थांबवायची नसते. रिफॅम्पिसिन बंद झालं की दोनेक आठवड्यांत यकृत पूर्वपदावर येतं. वॉरफॅरिनचा वाढवलेला डोस मात्र तसाच चालू राहिला, तर हिरड्यांतून, लघवीतून रक्त जायला लागतं.