नॅरोगेज मार्गाचे नूतनीकरण (बडोदे)

जुन्या अरुंदमापी लोहमार्गाची देखभाल आणि भागबदल यांचे नियोजन व तरतूद. पूर्वीच्या बडोदे संस्थानच्या (आता गुजरात) डभोई–मियागाम मार्गावर (दोन रुळांमधील मूळ अंतर म्हणजे गेज 762 मिमी., लांबी सु. 33 किमी.) हा प्रश्न मार्गाइतकाच जुना आहे.

मार्गाच्या आरंभाबाबत एकमत नाही. खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत (1856–70) तो 1862 मध्ये सुरू झाला, असे बहुतेक मानतात. काही जण 1873 हे वर्ष धरतात. तफावतीचे मूळ रुळांत आहे. पहिले रूळ दर वारास सु. 13 पौंड, म्हणजे मीटरला जेमतेम साडेसहा किग्रॅ. वजनाचे होते. एंजिनाचा भार त्यांना पेलवेना, म्हणून डबे बैल ओढीत. 1873 च्या सुमारास जड रूळ घालून मार्ग पुन्हा सुरू झाला. लोहमार्गाची व्याख्या वाफेवर न बेतता रुळांवर बेतली, तर 1862 अधिक ग्राह्य वाटते. 1873 चे काम मग नूतनीकरणाचे ठरते.

या कानम भागातील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खडी रुतते, चिखल वर येतो, दोन रुळांची पातळी बिघडते. नुसते पॅकिंग (रुळाखाली खडी ठोकून बसवणे) केले तर पुढच्या पावसात दोन रुळांचा तोच सांधा पुन्हा खचतो. खडीखाली वाळू-मुरुमाचा थर आणि कडेला मोकळे चर हवेतच. झीज आधी सांध्यावर दिसते. चाक रुळाच्या टोकावर आपटते, फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी) सैल होते, खालचा स्लीपर (रुळांखालचा आडवा आधार) दबतो. यासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारीत फिशप्लेटी उघडतात, रुळाच्या टोकांना चीर गेली आहे का ते पाहतात आणि ग्रॅफाइट-रॉकेलचा लेप देऊन बोल्ट पुन्हा आवळतात.

ही कामे चालू खर्चात बसतात. रूळ-स्लीपर बदलण्याचा खर्च घसारा राखीव निधीतून (झिजलेली मालमत्ता बदलण्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम; 1924 पासून) होत आला. 2017–18 पासून त्याला राष्ट्रीय रेल संरक्षा कोषाची जोड मिळाली. रेल्वेच्या कामांच्या यादीत मार्ग नूतनीकरण 31, पूलकामे 32 आणि गेजबदल (मार्ग रुंदमापी करणे) 14 या खर्चशीर्षांखाली येतात. खरी अडचण इथेच आहे. शीर्ष 14 खाली नाव लागलेल्या मार्गासाठी 31 मधून सहसा पैसा सुटत नाही, कारण घातलेले रूळ लवकरच उखडायचे असतात. गेजबदल लांबला की स्लीपर कुजत राहतात आणि वेगमर्यादा उतरत जाते. गँगमन (मार्गाची देखभाल करणारे कामगार) वाढवून हे भागत नाही : कुजलेल्या लाकडात डॉगस्पाइक (रूळ स्लीपरला धरणारा खिळा) पकड घेत नाही आणि गाडीच्या भाराने रूळ बाहेर सरकून गेज रुंदावते.