प्लास्टरच्या आत काय चालू असतं

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या परभणीच्या गल्लीत एक लेकरू लिंबावरनं पडलं अन् मनगटाच्या जरा वर हाड मोडलं. घरचे निम्मे म्हणे हाडवैद्याकडं नेऊन कामट्या बांधा, निम्मे म्हणे आधी एक्स-रे काढा. त्यात एक आजोबा म्हणाले, हाड म्हणजे वाळकं लाकूडच की, तुकड्याला तुकडा लावला की झालं. तेव्हापासनं हे लिहायचं डोक्यात होतं.

हाड जिवंत असतं, त्यात रक्त फिरतं. बैलाचं शिंग मोडलं की किती रक्त जातं ते गावाकडं बघितलेलं असतंच, वरचं टोपण नखाच्या जातीचं पण आतला गाभा हाडाचा.

हाडात कोलॅजेनचे तंतू असतात अन् त्यावर कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज बसलेलं असतं. कोंबडीच्या तंगडीचं हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, खनिज विरघळतं अन् हाड रबरासारखं वाकतं. तेच चुलीत जाळलं तर तंतू जातात अन् हाड बोटानं चुरतं.

आता खरी गंमत. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी ऍसिड सोडून जुनं हाड खोदतात, मागनं ऑस्टिओब्लास्ट येऊन खड्डा भरतात, खोदायला दोन-तीन आठवडे तर भरायला तीन-चार महिने, असं करत मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण 10 टक्के भाग दर वर्षी नवा होतो. पण कुठं खोदायचं अन् कुठं भरायचं हे सांगतं कोण? तर ऑस्टिओसाइट, म्हणजे बांधता बांधता स्वतःच भिंतीत चिणल्या गेलेल्या ऑस्टिओब्लास्ट पेशी. त्यांचे बारीक हात केसाहून बारीक नळ्यांतनं एकमेकींना लागलेले असतात अन् त्या नळ्यांत पाणी असतं. तुम्ही भरलेली घागर उचलली की हाड अगदी किंचित वाकतं, पाणी सरकतं, पेशीला कळतं की वजन आलं. एरवी ती स्क्लेरोस्टिन नावाचं प्रोटीन सोडून बांधकाम रोखून धरते, वजन आलं की ते कमी सोडते अन् काम सुरू होतं. अंतराळात वजनच नाही, म्हणून अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडातलं खनिज महिन्याला 1 ते 1.5 टक्के कमी होतं. वजनाप्रमाणं हाड घडतं हे ज्युलियस वोल्फ या जर्मन सर्जननं 1892 मध्येच मांडलं होतं.

मोडलेल्या जागी आधी रक्त गोठतं, मग कूर्चेसारखी मऊ गाठ होते, मग तिचं कच्चं हाड. हे सगळं रक्तावर चालतं, म्हणून कामट्या करकचून बांधणं अन् वरनं मंत्र टाकणं बघून माझा जीव खालीवर होतो, आत सूज वाढते, रक्त अडतं, बोटं थंड निळी पडतात, स्नायू मरतात, हात कायमचा वाकडा होऊ शकतो. लेकराची बोटं बधिर झाली तर रात्री-बेरात्री दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका.

आमच्या लेकराला शेवटी प्लास्टरच घातलं. पाच आठवड्यांनी काढलं तेव्हा हात बारीक झालेला अन् मोडल्या जागी हाताला टेंगूळ लागत होतं. आई घाबरली, पण ते कच्चं हाडच, आता ऑस्टिओक्लास्ट ते खोदत बसलेत, वर्षभरात सपाट होईल.