कूनहाउंड अंगघात

रॅकून या उत्तर अमेरिकेतील निशाचर प्राण्याची शिकार करणाऱ्या कुत्र्यांमध्ये प्रथम वर्णिला गेलेला, मेरुरज्जूतून निघणाऱ्या तंत्रिकांच्या (मज्जातंतूंच्या) मुळांना शोथ (दाह) येऊन चारही पाय लुळे पाडणारा रोग. पशुवैद्यकात तो 'तीव्र बहुतंत्रिकामूलशोथ' या व्यापक विकाराचा एक प्रकार मानला जातो. मराठीत अशा विकारांना सर्रास पक्षाघात किंवा अर्धांगवायू म्हणतात; परंतु या दोन्ही शब्दांत शरीराची एक बाजू अभिप्रेत आहे आणि या रोगात दोन्ही बाजू साधारणतः सारख्याच प्रमाणात दुबळ्या होतात, म्हणून येथे 'अंगघात' ही संज्ञा वापरली आहे.

'रॅकून' हा शब्द व्हर्जिनियातील पोव्हाटन लोकांच्या अल्गाँक्वियन भाषेतून इंग्रजीत आला आणि त्याच्या 'कून' या संक्षिप्त रूपावरून 'कूनहाउंड' हे नाव पडले. ब्लॅक अँड टॅन, ब्लूटिक, रेडबोन, ट्रीइंग वॉकर, इंग्लिश आणि प्लॉट या जाती त्यांत मोडतात. ही कुत्री रात्री वासावरून रॅकूनचा माग काढतात, त्याला झाडावर चढण्यास भाग पाडतात आणि शिकारी येईपर्यंत बुंध्याशी भुंकत राहतात. जमिनीवर कोंडीत सापडलेला किंवा झाडावरून पडलेला रॅकून कुत्र्याला कडकडून चावतो, आणि रोगाच्या इतिहासात या चाव्याला मध्यवर्ती स्थान मिळाले आहे.

शास्त्रीय वाङ्मयातील या रोगाचे पहिले वर्णन किंग्मा आणि कॅटकॉट यांनी १९५४ मध्ये केले. नावात शिकारी कुत्र्यांचाच उल्लेख असल्यामुळे शिकाऱ्यांमध्ये तो त्यापूर्वीच परिचित असावा, असे मानण्यास जागा आहे. १९६७ मध्ये कमिंग्ज आणि हास यांनी रोगग्रस्त कुत्र्यांच्या तंत्रिकांची सूक्ष्मदर्शकीय तपासणी प्रसिद्ध केली आणि या रोगाचे माणसातील लँड्री-गियाँ-बारे लक्षणसमूहाशी (तंत्रिकांवर आघात करून झपाट्याने लुळेपणा आणणाऱ्या विकाराशी) असलेले साम्य दाखवून दिले. मानवी विकाराचे वर्णन लँड्री यांनी १८५९ मध्ये आणि गियाँ, बारे व स्ट्रोल यांनी १९१६ मध्ये केले होते. या साम्यामुळे एरवी एका शिकारी छंदापुरता राहिला असता असा हा रोग मानवी वैद्यकाच्याही अभ्यासाचा विषय झाला.

कारणमीमांसा : रोगाचे मूळ हा वादाचा मुद्दा आहे. चाव्यानंतर साधारण ७ ते १४ दिवसांनी लक्षणे दिसू लागतात, यावरून रॅकूनच्या लाळेतील एखादा घटक कारणीभूत असावा, हे मत आरंभापासून पुढे आले. लाळेत थेट विष असते तर परिणाम इतका उशिरा दिसला नसता. मधला काळ शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेला प्रतिपिंडे (परक्या पदार्थांविरुद्धची प्रथिने) तयार करण्यास लागणाऱ्या काळाशी जुळतो. १९७९ मध्ये होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हा रोग आधी होऊन गेलेल्या कुत्र्याला रॅकूनची लाळ टोचून तो पुन्हा उत्पन्न केल्याचे प्रसिद्ध केले. हा पुरावा महत्त्वाचा असला तरी मर्यादित आहे. त्यातून लाळ रोगाला चालना देऊ शकते एवढे ठरते, केवळ लाळेनेच तो होतो असे ठरत नाही. शिवाय एकाच रॅकूनशी झुंजलेल्या टोळीतील सर्व कुत्री आजारी पडत नाहीत. म्हणजे विशिष्ट कुत्र्यांत उपजत प्रवणता असली पाहिजे.

दुसऱ्या बाजूला, लक्षणे आणि तंत्रिकांतील बदल या दोन्ही बाबतींत अगदी असाच रोग रॅकून कधीही न पाहिलेल्या कुत्र्यांतही आढळतो. युरोपातील उदाहरणे या संदर्भात जपून वापरावी लागतात, कारण १९३४ मध्ये जर्मनीतील एडरझे सरोवराच्या परिसरात सोडलेल्या रॅकूनची प्रजा आज मध्य युरोपात बरीच पसरलेली आहे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील उदाहरणांना ही अडचण येत नाही. ब्रिटनमधील एका पाहणीत जॅक रसेल टेरियर आणि वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर या जातींत, तसेच शरद आणि हिवाळ्यात रोगाचे प्रमाण अधिक आढळले. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २७ रोगग्रस्त आणि ४७ निरोगी कुत्र्यांची तुलना करण्यात आली. रोगग्रस्तांमध्ये कच्ची कोंबडी खाल्ल्याचा इतिहास आणि विष्ठेत कॅम्पिलोबॅक्टर जीवाणू सापडणे यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त होते. हाच जीवाणू माणसातील गियाँ-बारे लक्षणसमूहाच्या आधी होणाऱ्या संसर्गांत प्रमुख मानला जातो. काही रुग्णांत लसीकरणानंतर रोग दिसल्याच्याही तुरळक नोंदी आहेत, पण त्यांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

कूनहाउंड प्रकारातील कुत्र्यांच्या रक्तद्रवात रॅकूनच्या लाळेविरुद्ध प्रतिपिंडे आढळतात, रॅकूनशी संबंध न आलेल्या रुग्णांत ती आढळत नाहीत. यावरून काही अभ्यासक दोन्ही रोग भिन्न मानतात. मात्र २०१३ मध्ये तीव्र बहुतंत्रिकामूलशोथाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत जीएम-२ या तंत्रिकास्थित गँग्लिओसाइडाविरुद्ध (शर्करायुक्त मेदपदार्थाविरुद्ध) प्रतिपिंडे असल्याचे दाखवण्यात आले. तेव्हा चालना देणारे निमित्त निरनिराळे आणि पुढची स्वप्रतिरक्षेची (प्रतिरक्षा यंत्रणेने स्वतःच्याच शरीरावर हल्ला करण्याची) वाट एकच, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्या मतानुसार लाळेच्या किंवा जीवाणूच्या एखाद्या रेणूशी तंत्रिकेतील रेणूचे साम्य असल्याने, परक्या पदार्थाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे स्वतःच्याच तंत्रिकांवर उलटतात.

विकृती मेरुरज्जूच्या अधर, म्हणजे स्नायूंना हालचालीचे संदेश नेणाऱ्या प्रेरक तंत्रिकामुळांत सर्वांत तीव्र असते. आरंभीच्या संशोधकांचा भर तंत्रिकातंतूंभोवतीचे मायेलिन आवरण तुकड्या-तुकड्यांनी नष्ट होण्यावर होता. नंतरच्या विद्युत तपासण्यांवरून, विशेषतः कडन या संशोधकाच्या १९९८ मधील कामावरून, अक्षतंतूंचीही (आवरणाच्या आतील, संदेश वाहणाऱ्या धाग्यांचीही) मोठी हानी होते हे स्पष्ट झाले. बरे होण्यास लागणाऱ्या काळाशी या भेदाचा थेट संबंध आहे. केवळ आवरण गेले असल्यास ते काही आठवड्यांत पुन्हा तयार होते. अक्षतंतू तुटला असल्यास तो दिवसाला सुमारे १ मिमी. या गतीने वाढत स्नायूपर्यंत पोहोचावा लागतो.

लक्षणे व निदान : प्रथम मागच्या पायांची चाल आखूड आणि ताठर होते, मग ते लटपटतात आणि बहुधा एक-दोन दिवसांत पुढचे पायही निकामी होतात, क्वचित ही वाढ १० दिवसांपर्यंत चालते. स्नायू शिथिल पडतात, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया क्षीण होते किंवा लोपते, आणि भुंकणे घोगरे किंवा जवळजवळ निःशब्द होते. वेदनेची जाणीव मात्र कायम राहते. पुष्कळदा साध्या स्पर्शानेही कुत्रे कळवळते. शुद्ध, भूक आणि मलमूत्रावरील ताबा शाबूत असतो. मान उचलता न येणारे कुत्रे मालकाला पाहून शेपूट हलवते, हे चित्र या रोगात वारंवार दिसते. श्वसनाचे स्नायू गळाल्यास मृत्यू ओढवू शकतो.

निश्चित निदान करणारी एकच एक कसोटी नाही. कटिभागातून घेतलेल्या मस्तिष्क-मेरुद्रवात प्रथिने वाढलेली पण पेशींची संख्या सामान्य असते. विद्युत स्नायुआलेखात (स्नायूंतील विद्युत हालचालींच्या तपासणीत) दोष दिसण्यास चार-पाच दिवस लागतात. गोचिडीच्या विषाने होणारा गोचीड-अंगघात वेगळा काढण्यासाठी अंगावर गोचीड शोधावी लागते. उत्तर अमेरिकेतील त्या प्रकारात ती काढल्यावर कुत्रे १ ते ३ दिवसांत उभे राहते. बोट्युलिझम (जीवाणूंच्या विषाची बाधा) आणि तीव्र मायस्थेनिया (तंत्रिका व स्नायू यांच्या जोडणीतील बिघाड) यांचाही विचार करतात. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात रॅकून हा रेबीजचा प्रमुख वाहक असल्यामुळे, चाव्यानंतर आवाज बदललेल्या आणि लुळ्या पडलेल्या कुत्र्यात रेबीजची शक्यता लसीकरणाचा इतिहास पाहूनच बाजूला ठेवता येते. आजारी कुत्र्याला हाताळणाऱ्यांच्या दृष्टीने ही गोष्ट अंतिम निदानापेक्षाही तातडीची आहे.

उपचार व सुधारणा : रोग स्वप्रतिरक्षेचा असूनही स्टेरॉइडांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, उलट त्यांनी स्नायूंची झीज आणि संसर्गाचा धोका वाढतो. शिरेवाटे मानवी इम्युनोग्लोब्युलिन (माणसाच्या रक्तातील प्रतिपिंडे) दिलेली कुत्री काहीशी लवकर चालू लागली, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. त्यामुळे उपचार म्हणजे मुख्यतः शुश्रूषा : मऊ आणि कोरडे अंथरूण, दर ४ ते ६ तासांनी कूस बदलणे, छातीवर बसते करून हाताने पाणी व अन्न भरवणे, सांधे आखडू नयेत म्हणून पायांची हालचाल करून घेणे आणि मूत्राने त्वचा चिघळू न देणे. पहिल्या काही दिवसांत श्वसनावर सतत लक्ष ठेवावे लागते.

अवस्था काही दिवस स्थिर राहून मग सुधारणा सुरू होते, आणि ती बहुधा उलट क्रमाने, म्हणजे मान व पुढचे पाय आधी आणि मागचे पाय शेवटी अशी होते. दोन आठवड्यांच्या आत स्नायू इतके वाळतात की कुत्रे सापळ्यासारखे दिसते. हे दृश्य मालकाला निराश करणारे असले तरी त्यावरून पुढचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. सौम्य रोगात ३ ते ६ आठवडे आणि तीव्र रोगात ३ ते ६ महिने लागतात. बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात, काहींच्या चालीत कायमचा अशक्तपणा उरतो.

एकदा रोग होऊन गेल्याने संरक्षण मिळत नाही. रॅकूनशी पुन्हा गाठ पडल्यास तो उलटू शकतो, आणि एकाच कुत्र्याला अनेकदा झटका आल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे बऱ्या झालेल्या कूनहाउंडला पुन्हा शिकारीवर न नेण्याचा सल्ला पशुवैद्य देतात.